टाकीतल्या फिल्टरला हात लावण्याआधी

पेट्रोलची गाडी कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना पिकअप घेईनाशी झाली, मधूनच झटके देऊ लागली, की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गॅरेजच्या दारात एक निदान हमखास ऐकू येतं. "गाडी चढणीक वढणा नाय? मगे फिल्टर गेलो." कधी ते बरोबर निघतं, पण बऱ्याचदा चुकतं. चुकलं तर फक्त पैसे वाया गेले असं होत नाही. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा पेट्रोल गाळणारा फिल्टर टाकीच्या आत असतो. तो बदलायचा म्हणजे मागची सीट काढून, माणसं बसतात त्याच जागेत, पेट्रोलची टाकी उघडायची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टाकीतला फिल्टर किलोमीटर बघून किंवा अंदाजाने बदलू नये. पेट्रोलचा दाब मोजावा आणि तो कमी भरला तरच टाकी उघडावी. याला दोन-तीन अपवाद आहेत, आणि त्यातले काही कोकणात इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळा समोर येतात. त्यांच्याकडे ओघात येऊच.

फिल्टर टाकीत गेला कसा

कार्ब्युरेटरच्या जमान्यात इंजिनावर बसवलेला पंप टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. दाब अगदी थोडा लागायचा. बोनेटखाली रबरी नळीत एक छोटा प्लास्टिकचा फिल्टर असायचा. दोन क्लिपा सैल करायच्या, जुना काढायचा, नवा घालायचा. दहा मिनिटांचं काम. आजही पुष्कळ लोकांच्या डोक्यात 'पेट्रोल फिल्टर' म्हणजे तोच असतो, आणि "सर्व्हिसिंगला दर वेळी बदला" हा सल्लाही त्याच काळातला आहे.

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आपल्याकडे इंजेक्शनच्या गाड्या सर्रास आल्या. इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोटीला, पेट्रोल साधारण ३ ते ४ बार दाबाने लागतं. तुलनेसाठी, गाडीच्या टायरात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. एवढा दाब टिकवायला विजेवरचा पंप आला आणि तो थेट टाकीत बसवला गेला. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला की थंड राहतो. शिवाय लांबून ओढण्याऐवजी तो पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे उन्हात नळीत वाफ धरून गाडी बंद पडण्याचा त्रास कमी होतो. तेव्हा फिल्टर मात्र बाहेरच होता. गाडीखाली, टाकीजवळ, पत्र्याच्या डब्यासारखा.

मग पुढची पायरी आली. त्या रचनेत इंजिनाला नको असलेलं पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत यायचं, आणि येताना इंजिनाची उष्णता घेऊन यायचं. टाकीतलं पेट्रोल तापलं की वाफ जास्त होते आणि ती बाहेर पडू नये म्हणून वेगळी धडपड करावी लागते. त्यावर उपाय म्हणून परतीची नळीच काढून टाकली. दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर टाकीत नेला. रेग्युलेटरच्या आधी पेट्रोल गाळलेलं असावं लागतं, म्हणून फिल्टरही आत गेला.

त्यामुळे आज मागच्या सीटखालचं झाकण काढलं की खाली एकच अख्खी असेंब्ली दिसते. तिच्यात पंप असतो, पंपाच्या तोंडाशी जाळी असते, मुख्य फिल्टर असतो, रेग्युलेटर असतो आणि काट्याला पेट्रोलची पातळी सांगणारा फ्लोट असतो. हे सगळं एका वाडग्यासारख्या भांड्यात बसवलेलं असतं. घाटाच्या वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं तरी त्या भांड्यात पंपापुरतं उरावं, यासाठी ते असतं.

जाळी आणि फिल्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना त्यांची गल्लत होते, बिलातही होते. जाळीचं काम विहिरीतल्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीसारखं आहे. मोठा कचरा पंपात शिरू नये एवढंच ती बघते. ती पंपाच्या आधी असते. मुख्य फिल्टर पंपानंतर असतो आणि इंजेक्टरचं रक्षण करतो. तो साधारण दहा मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवतो. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या जवळपास जाड असतो, यावरून अंदाज यावा. जाळी चोंदली तर पंपाला पेट्रोल मिळत नाही, तो कोरडा ओढायला लागतो, तापतो आणि आवाज करतो. फिल्टर चोंदला तर पंपाच्या पुढच्या वाटेत अडथळा होतो. गाडीत बसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच जाणवतं: गाडी ओढत नाही.

पुस्तिकेत त्याची ओळच का नसते

गाडीसोबत आलेली पुस्तिका काढून देखभालीचा तक्ता पाहा. एअर फिल्टर सापडेल, एसीचा फिल्टर सापडेल, पण बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पेट्रोल फिल्टरची ओळच नसते. कंपनी विसरली असं काही नाही. टाकीतल्या फिल्टरचा कागद घड्या घालून भरपूर मोठा केलेला असतो. टाकी बहुधा प्लास्टिकची असते, त्यामुळे जुन्या पत्र्याच्या टाक्यांसारखा आतून गंजाचा भुगा पडत नाही. पेट्रोलही पूर्वीपेक्षा स्वच्छ येतं. गाडीचं आयुष्य असेल तेवढा फिल्टर टिकावा, या हिशोबानेच तो बनवलेला असतो.

तुमच्या पुस्तिकेत ठराविक किलोमीटरला बदला असं स्पष्ट लिहिलं असेल, तर तेच पाळा. कंपनीने तुमच्या गाडीसाठी लिहिलेलं वाक्य माझ्या किंवा कोणाच्याही मतापेक्षा मोठं आहे. फक्त ते वाक्य खरोखर तुमच्याच इंजिनासाठी आहे का, हे बघा. एकाच पुस्तिकेत पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनांचे तक्ते असतात आणि डिझेलचा आकडा वाचून पेट्रोल गाडीची टाकी उघडलेली मी पाहिली आहे.

डिझेलचा न्याय पूर्ण वेगळा आहे. डिझेलचा फिल्टर सहसा बोनेटखाली असतो, तो डिझेलमधलं पाणीही वेगळं करतो, आणि त्याच्या पुढे १,६०० ते २,००० बार दाबाची नाजूक यंत्रणा असते. तो वेळच्या वेळी बदलायचाच. पावसाळ्यानंतर त्यातलं पाणी काढून घ्यायचं. त्यात कंजुषी करू नका. या लेखातलं बाकी सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे.

कोकणात काय वेगळं होतं

पहिली गोष्ट उभ्या गाड्यांची. गावाला घर, माणसं मुंबईला, आणि एक जुनी गाडी खळ्याच्या कडेला माडाच्या झावळांच्या मांडवाखाली. शिमग्याला फिरते, मग मे महिन्यात, मग एकदम गणपतीत. टाकीत पेट्रोल थोडंच असतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेलं जुनं होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं आणि गाडी ते जाळूनही टाकते, काही कळत नाही. पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. पंपाची जाळी तळालाच असते. म्हणजे सकाळी सेल्फ मारला की इंजिनाला पेट्रोलऐवजी आधी तेच मिळतं.

इथे फिल्टर बदलून काहीही होत नाही. पेट्रोलचा फिल्टर पाणी अडवत नाही. टाकी रिकामी करून तळ साफ करायला हवा आणि ताजं पेट्रोल घालायला हवं. फिल्टर बदलला, गाडी दोन दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच, ही तक्रार बहुतेक वेळा पाण्याची असते.

इथेनॉलबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण त्यावरून भीती फार पसरली आहे. २० टक्क्यांच्या पेट्रोलमुळे सगळ्यांचे फिल्टर चोंदतात असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. इथेनॉल चांगला विद्रावक आहे, त्यामुळे जुन्या गाडीच्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर सुटून जाळीपर्यंत येऊ शकतो, हे खरं. जुन्या गाड्यांतल्या काही रबरी भागांना ते मानवत नाही, हेही खरं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग या इंधनासाठी तयार केलेले आहेत. त्याआधीच्या गाडीत नळ्या आणि सीलांकडे अधिक लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. समुद्रालगतच्या गावांत मीठ गाडीच्या टाकीत शिरत नाही, पण टाकीच्या बाहेर त्याने फार नुकसान होतं. टाकीच्या तोंडावरची लोखंडी लॉक रिंग गंजून घट्ट बसते. टाकीचे पट्टे आणि बोल्ट गंजतात. आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पंपाचा कपलर, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या वायरींची जोडणी. त्याच्या पिनांवर हिरवट थर चढतो, पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, पंप हळू फिरतो, दाब पडतो. लक्षणं हुबेहूब चोंदलेल्या फिल्टरची. इथे दोष साफ केलेल्या पिनेने जातो, फिल्टरची गरजच नसते. उभ्या गाडीत उंदीर सीटखालची वायर कुरतडतात, तेही याच जागी बघायला मिळतं.

तिसरी गोष्ट तांबड्या मातीची. चाकांनी उडवलेला जांभ्याचा बारीक धुरळा टाकीच्या माथ्यावर थरावर थर साचतो. टाकी उघडताना तो साफ केला नाही तर सरळ आत पडतो. चांगला फिल्टर काढून नवा घालण्याच्या नादात टाकीत माती जाणं, हा मला या कामातला सगळ्यात वाईट परिणाम वाटतो. गाडी आली त्यापेक्षा वाईट होऊन परत जाते, आणि ते महिन्या-दोन महिन्यांनी कळतं.

बुधल्यातून पेट्रोल आणायची सवयही इथे आहेच, कारण आतल्या गावांतून पंप लांब पडतो. तो बुधला कधी पॉवर टिलरला, कधी ग्रास कटरला वापरलेला असतो. त्यात ऑइल असतं, गवताचे तुकडे असतात, पाणी असतं. अशा पेट्रोलने जाळी खरोखर चोंदते.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या छतापर्यंत बुडाल्या, ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. बुडालेल्या गाडीत प्रश्नच नाही. चावी फिरवायची नाही, टाकी उतरवून साफ करायची आणि फिल्टरसकट असेंब्ली बदलायची. मी सांगितलेल्या अपवादांतला हा पहिला.

आधी तपासा, मग उघडा

पंप इंजिनाला लागतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त पेट्रोल ढकलतो. लहान गाडीचं इंजिन उभ्यावर चालताना तासाला लिटरभरसुद्धा पीत नाही. पूर्ण ताकदीने चढताना मात्र त्याच इंजिनाला तासाला वीस-पंचवीस लिटरच्या वेगाने पेट्रोल लागू शकतं. म्हणून अर्धवट चोंदलेला फिल्टर सपाट रस्त्यावर आणि गॅरेजच्या दारात अजिबात कळत नाही. तो घाटातच उघडा पडतो, आणि म्हणूनच घाटात गाडी अडली की संशय फिल्टरवर जातो. संशय रास्त आहे, पण घाटात फक्त फिल्टरच उघडा पडत नाही. कमजोर इग्निशन कॉइल, झिजलेला प्लग, घाण थ्रॉटल बॉडी, तुंबलेला एअर फिल्टर, चोंदलेलं सायलेन्सरमधलं कन्व्हर्टर, म्हातारा पंप, हे सगळेही तिथेच उघडे पडतात. यातल्या पहिल्या चारांची तपासणी टाकीला हात न लावता होते. ती आधी करा.

मग इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावा. इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी पडतंय असं दिसलं की इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून भरपाई करतो. त्या भरपाईची टक्केवारी स्कॅनरवर दिसते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. उभ्यावर ती शून्याच्या आसपास आहे आणि चढणीवर जोर लावला की +१५-२० टक्क्यांकडे जाते, तर पेट्रोल खरंच कमी पडतंय. उलट, उभ्यावर जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल, तर कुठूनतरी हवा ओढली जाते आहे आणि फिल्टरचा काही संबंध नाही.

त्यानंतर प्रेशर गेज. बोनेटखालच्या नळीत जोडणी करून दाब बघायचा आणि तो कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. हे ज्याला सवय आहे अशा मेकॅनिकनेच करावं, कारण नळीत दाबाखालचं पेट्रोल असतं आणि शेजारी गरम इंजिन. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की दाब उभ्यावर बघून भागत नाही. जोर लावल्यावर तो टिकतो का, ते बघायला हवं. उभ्यावर ठीक आणि जोरात पडतो, तर फिल्टर, जाळी, पंप किंवा त्याची वीज, यापैकी एक. मग पंपाच्या कपलरवर पंप चालू असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा एखाद्या व्होल्टने किंवा त्याहून जास्त कमी भरलं तर वायर, पिना आणि अर्थिंगची जोडणी साफ करा आणि दाब पुन्हा घ्या. काही नव्या गाड्यांत पंपाचा वेग कंट्रोलर कमी-जास्त करतो. तिथे साध्या मीटरचा आकडा फसवतो, स्कॅनरच हवा.

सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर उत्तम, घाटातही ओढते, अशी तक्रार असेल तर एक साधी परीक्षा घरीच करता येते. त्यासाठी गॅरेजवाला काकांना सांगतो तसंच करायचं: "काका, सेल्फ मारायच्या आधी चावी ऑन करा, दोन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा करा, मग मारा." बहुतेक गाड्यांत चावी ऑन केली की पंप दोन-एक सेकंद चालतो. असं केल्यावर गाडी पटकन चालू झाली, तर रात्रभरात नळीतला दाब उतरतो आहे. दोष पंपाच्या आतल्या झडपेचा, रेग्युलेटरचा किंवा गळणाऱ्या इंजेक्टरचा. फिल्टर बदलून तो जाणार नाही.

दाब खरोखर कमी, वीज पूर्ण, इतकं सिद्ध झालं की टाकी उघडायचं कारण मिळालं. त्याशिवाय उघडण्याची कारणं मोजकीच: पूर, टाकीत घाण किंवा पाणी गेल्याची खात्री, आणि पंप जळल्यामुळे टाकी तशीही उघडली जाणार असणं. पंप बदलताना जुना फिल्टर परत घालणं मात्र चुकीचं. मजुरी तीच, धोका तोच, मग नवाच घाला.

सुटा फिल्टर घ्यायचा की अख्खी असेंब्ली? सुटा फिल्टर त्याच्या ओ-रिंगांसकट (गळती थांबवणाऱ्या गोल रबरी कड्यांसकट) मिळत असेल, पंप तरुण असेल आणि सीटखालून हात जात असेल, तर सुटा. काही गाड्यांत सीटखाली झाकणच नसतं. टाकी खाली उतरवावी लागते, आणि किनाऱ्यावरच्या गाडीत गंजलेले बोल्ट तुटतातच. एवढा खटाटोप एकदाच व्हावा, म्हणून तिथे मी असेंब्लीच्या बाजूचा. चॅसिस नंबर देऊन मूळ कंपनीचा भाग मागवा. स्वस्त असेंब्लीत सगळ्यात आधी जाळी आणि फ्लोट दगा देतात.

काम करताना

हे काम घरी करावं का? इंजेक्शनच्या नळ्यांची सवय नसेल तर माझं उत्तर नाही असं आहे. तरीही खालचं वाचा, कारण गॅरेजमध्ये उभं राहून काय बघायचं ते यातून कळेल.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोचते. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे कोकणातल्या कुठल्याही दिवशी ते धोकादायकच आहे. म्हणून बंद गॅरेजात नाही, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर नाही, पडवीला लागून नाही, जिथे आत चूल किंवा देवापुढे दिवा पेटलेला असतो. मोकळ्या खळ्यात, वारा असताना. उन्हाळ्यात आजूबाजूला शेतात भाजावळ चालू असेल तर तो दिवस सोडून द्या. जवळ पावडरचं आग विझवायचं सिलिंडर हवं. पाण्याची बादली उपयोगाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पेटत राहतं.

टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असावी. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू ठेवायचं. नळीतलं पेट्रोल संपलं की ते आपोआप बंद पडतं. मग एकदोनदा सेल्फ मारून उरलेला दाब घालवायचा आणि नंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. हायब्रिड गाडी असेल आणि सीटखाली जाड नारिंगी वायरी दिसल्या तर तिथेच थांबा. त्यात जीवघेणं व्होल्टेज असतं.

सीट काढली, झाकण काढलं, की आता सगळ्यात जास्त वेळ सफाईला द्या. ब्रश आणि व्हॅक्यूमने टाकीच्या माथ्यावरची सगळी माती उचलून घ्या, मग ओल्या फडक्याने पुसा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: व्हॅक्यूम फक्त सगळं बंद असताना. नळी सुटली किंवा झाकण उघडलं की व्हॅक्यूम जवळही आणायचा नाही, त्याच्या मोटरमध्ये ठिणगी होते. वायरवरचा जुना काचेचा दिवाही नको. बॅटरीवरचा एलईडी टॉर्च आधीच लावून ठेवा.

नळीची जोडणी सोडवताना भोवती फडकं गुंडाळा, थोडं पेट्रोल येतंच. क्लिपा दाबून सुटतात, ओढून तुटतात. लॉक रिंगला तिचा खास पाना मिळतो. तो नसला की स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन ठोकायची पद्धत आहे. ती थांबवा. प्लास्टिकची रिंग तडकते आणि लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पडते. गंजलेल्या रिंगला गंज सोडवणारा स्प्रे आदल्या दिवशी मारून ठेवावा, आणि ठोकायचंच झालं तर पितळेचा दांडा वापरावा. उघडण्याआधी असेंब्लीचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्याची खूण करा.

असेंब्ली सरळ वर येत नाही, तिरकी करत काढावी लागते. फ्लोटची तार कशाला अडकून वाकली तर काटा कायम चुकीचं पेट्रोल दाखवणार. आतल्या भांड्यात बरंच पेट्रोल असतं. खाली पसरट धातूचं भांडं तयार ठेवा.

फिल्टर बदलताना लोक कागदाकडे बघतात आणि ओ-रिंगा विसरतात. जुनी ओ-रिंग कधी खोबणीतच चिकटून राहते, वर नवी बसवली जाते आणि आतल्या आत गळती होते. परिणाम असा की नवा फिल्टर, नवा खर्च आणि दाब पूर्वीपेक्षा कमी. प्रत्येक ओ-रिंग मोजून काढा, मोजून घाला. आत रबरी नळीचा तुकडा बदलावा लागला तर बाहेरची साधी पेट्रोलची नळी चालत नाही. ती बाहेरून बुडून राहण्यासाठी बनवलेली नसते आणि काही महिन्यांत फुगून फाटते. एसएई जे३० आर१० असा शिक्का असलेली नळी लागते.

टाकीच्या तोंडाचं मोठं सील दर वेळी नवं. जुनं पेट्रोलने फुगलेलं असतं. बाहेर काढल्यावर ते परत खोबणीत नीट बसत नाही. त्यावर सिलिकॉनचं सीलंट लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे जाळीवर जाऊन बसतात.

जोडून झाल्यावर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून दाब भरायचा आणि माथ्यावर ओल दिसते का ते बघायचं. झाकण लगेच लावू नका. पंपावर जाऊन टाकी पूर्ण भरा आणि एक चढण-उतार करून या. सीलची गळती अर्ध्या टाकीला कळत नाही, भरल्या टाकीला आणि उतारावर कळते. सगळं कोरडं असेल तर मगच झाकणाच्या कडेने चिकटपट्टीचं सील लावून ते बंद करा. ते नीट लावलं नाही तर पावसाळ्यात चाकांनी उडवलेलं पाणी गाडीत आणि पेट्रोलचा वास तुमच्या नाकात. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर "दोन दिवसांत जाईल" हे कोणाचंही ऐकू नका. गाडी परत उघडायला लावा.

गॅरेजकडून दोन गोष्टी मागून घ्या. बदलण्याआधीचा आणि नंतरचा दाब, दोन्ही जोर लावून घेतलेले आणि बिलावर लिहिलेले. आणि जुना फिल्टर. तो कापून कागद उघडला की कारण दिसतं. लालसर माती असेल तर ती बाहेरून आली आहे, बुधला आणि झाकण तपासा. तपकिरी भुगा आणि पत्र्याची टाकी असेल तर टाकी आतून गंजते आहे आणि नवा फिल्टरही लवकरच तसाच होईल. बारीक काळी पूड बहुधा पंपाच्या मोटरची झीज असते. आणि कागद जवळपास स्वच्छ असेल, तर गाडी का ओढत नव्हती याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, शोध पुढे चालू ठेवायला हवा.

टाकीतून काढलेलं पेट्रोल लगेच परत ओतू नका. काचेच्या छोट्या बाटलीत थोडं घेऊन झाकण लावून तासभर सावलीत, आगीपासून लांब ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा गढूळपणा राहिला, तर ते पेट्रोल ना या गाडीत, ना स्कूटरमध्ये, ना चूल पेटवायला. गटारात किंवा विहिरीच्या आसपास तर अजिबात नाही, जांभ्यातून ते सरळ पाण्यात उतरतं. धातूच्या डब्यात बंद करून गॅरेजवाल्याकडे द्या, वापरलेल्या ऑइलसोबत त्याची विल्हेवाट लावायला सांगा.